झाकण लावण्याआधी

भावजी,

पेपरात द्यायचा मजकूर तुमच्या दादांनी लिहिला. चार ओळींत तुम्ही मनमिळाऊ, धार्मिक आणि कुटुंबवत्सल झालात. मी विचारलं, "धार्मिक कधीपासून?" तर म्हणाले, असं लिहायची पद्धत असते. कारखान्यातल्या नोकरीचा उल्लेख आहे, विद्यानगरच्या घराचा पत्ता आहे, शोकाकुल म्हणून माझंही नाव आहे. पुढच्या खोलीतल्या तुमच्या गेम पार्लरचा मात्र एक शब्द नाही. मला इतका राग आला की दिवसभर मी दादांशी बोलले नाही. तुम्ही असता तर म्हणाला असता, "वैनी, टेन्शन नक्को घ्या. उद्या त्याच पेपरात कुणीतरी मिरची भजी बांधून देईल."

गेल्या महिन्यात एका दुपारी तुम्ही जेवलात, ताक आंबट नाही म्हणून माझ्याकडे तक्रार केलीत, पुढच्या खोलीत जाऊन आडवे झालात आणि उठलाच नाहीत. चहा मी घेऊन आले होते. साधा स्क्रू काढतानासुद्धा ज्या माणसाची बडबड थांबली नाही, त्यानं एवढं मोठं काम न बोलता उरकावं, याचं मला अजून नवल वाटतं. माझं रडून झालंय. आता उरलंय ते आपलं भांडण. एकच भांडण, आपण दोघांनी वीस वर्षं पुरवून पुरवून खाल्लेलं. त्याबद्दल काल मला एक बातमी कळली आहे आणि ती तुम्हाला सांगितल्याशिवाय मला चैन पडणार नाही. पण ती शेवटी. सगळं एकदम सांगायचं नाही, हे तुम्हीच शिकवलंत.

मराठीच घर आहे, भाषेची अडचण येणार नाही, असं सांगून माझं लग्न जमवलं होतं. पुण्याहून इथं हैदराबादला आले तेव्हा पहिल्याच सकाळी आईंनी विचारलं, "काय करालीस गं?" आणि 'करालीस' म्हणजे 'करते आहेस' हे माहीत नसल्यामुळे मी बुचकळ्यात पडले, की आता मी नेमकं करायचं काय आहे. तुम्ही होयच्या जागी 'हौ' म्हणायचात, भाजीवालीशी तेलुगूत घासाघीस करायचात आणि माझं पुणेरी 'अहो, ऐकलंत का' ऐकून गालात हसायचात. दादांची बँक करीमनगरला. शनिवारी यायचे, सोमवारी पहाटे जायचे. एरवी घरात आई, तुम्ही आणि मी. पहिलं वर्षभर मी तुमच्याशी कामापुरतंच बोलले. शिष्ट समजत असाल मला. शिष्ट नव्हते हो, एकटी होते.

मग तुमच्या कारखान्यानं माणसं कमी करायला काढली. दिवसच तसे होते. शहराच्या त्या टोकाला काचेच्या इमारती उभ्या राहत होत्या, आपल्या गल्लीतल्या दर दुसऱ्या घरातलं कुणीतरी कॉम्प्युटरच्या क्लासला जात होतं आणि तुमच्यासारख्या पस्तिशीतल्या पक्क्या नोकरीवाल्यांना स्वेच्छानिवृत्ती हातात देऊन घरी पाठवत होते. सगळ्यांना वाटलं, तुम्ही खचणार. तुम्ही संध्याकाळी आलात, हातपाय धुतलेत आणि म्हणालात, "आई, पुढची खोली मला दे. गेम खेळायचं दुकान टाकतो."

आई अंबाडी निवडत होत्या. हात थांबला नाही. "लोकं पैसे देऊन खेळाया येतेत?"

"हौ. हॉस्टेलची पोरं लाइन लावतेत."

त्या खोलीसाठी दादांनी आधीच एका झेरॉक्सवाल्याला शब्द दिला होता. महिन्याच्या महिन्याला भाडं, कटकट नाही. शिवाय तुमच्या हातच्या यंत्रांवर घरात कुणाचा फारसा विश्वास उरला नव्हता. तुम्ही घरी जोडलेल्या कूलरनं माझ्या माहेरच्या माणसांना भर बैठकीत भिजवलं होतं, ते मीसुद्धा विसरले नव्हते. शेवटी आईंनीच निकाल दिला. "एक यंत्र आण. दसऱ्याला माझी पूजा, आरती, नैवेद्य होईस्तोवर ते न थांबता चाललं, तर खोली तुझी. बंद पडलं तर चावी झेरॉक्सवाल्याला."

तुम्ही हसत हसत हो म्हणालात. पण त्या रात्री तुम्ही भाकरी नुसती चिवडलीत, ते मी पाहिलं होतं. नोकरी गेलेल्या माणसाला घरातली एक खोलीसुद्धा मिळाली नाही, तर त्यानं सकाळी उठून जायचं कुठं? ही गोष्ट तुम्ही कधी बोलून दाखवली नाहीत. मला मात्र ती तेव्हाच कळली, कारण त्या घरात सकाळी उठून जायला जागा मलाही नव्हती.

दादा म्हणाले, तयार मशीन घे. तुम्ही म्हणालात, तयार घेतलं तर आत काय आहे ते कळत नाही. मग सिकंदराबादच्या कॉम्प्युटर मार्केटमधून, शफीभाईंच्या दुकानातून, सुटे भाग आले. शेवटचा खोका आला तो दिवस मला लख्ख आठवतो, कारण दुसऱ्या दिवसापासून पितृपक्ष लागत होता. पक्षात नवी वस्तू घरात आणायची नाही की जोडायची नाही, हा आईंचा नियम. आणि दुपारी राहुकाल लागायच्या आत काम संपलं पाहिजे, हा त्यांनी शेजारच्या तेलुगू बाईंकडून उचललेला नियम. दोन राज्यांची बंधनं एकट्या तुमच्या डोक्यावर.

पुढच्या खोलीत पाट मांडला होता. कॅबिनेटचं लोखंडी खोकं आडवं ठेवून तुम्ही त्यात बोर्ड बसवलात, बोर्डावर प्रोसेसर बसवलात. मशीनचा मेंदू म्हणून तुम्ही मला तो दाखवलात, तर तो धड बिस्किटाएवढासुद्धा नव्हता. आता बुडाचा धातूचा ठोकळा मेंदूला घट्ट टेकवून त्याला गार ठेवणारा पंखा बसवायचा, इतक्यात आई ताम्हण घेऊन आल्या. "आधी पूजा."

तुम्ही नारळ फोडायला पायरीवर गेलात. आईंनी मनोभावे प्रत्येक भागाला हळदकुंकू लावलं, अक्षता वाहिल्या. माझं सगळं लक्ष नारळावर. त्याचं पाणी त्या यंत्रात शिंपडतील या धास्तीनं मी दारातच तो तुमच्या हातातून काढून घेतला आणि स्वयंपाकघरात नेऊन ठेवला. मशीन वाचवलं म्हणून मी स्वतःवर भलतीच खूश होते. आई घड्याळाकडे बघून म्हणाल्या, "आटप मुकुंदा, राहुकाल लागालाय." तुम्ही घाईघाईनं पंखा उचललात, ठेवलात, दोन्ही खटके दाबलेत. झाकण लावलंत. आईंनी झाकणालाही बोट लावलं. वेळेत झालं सगळं.

मशीन सुरू झालं तेव्हा तुमचा चेहरा बघण्यासारखा होता. अक्षरं टाइप करा, चित्रं उघडा, सगळं झकास. मग तुम्ही गाड्यांच्या शर्यतीचा गेम टाकलात. पहिलं वळण लोण्यासारखं गेलं. दुसऱ्यापासून अडखळायला लागलं. गाडी इथं दिसायची, मग एकदम तिथं, मधला रस्ता कुणी खाल्ला कळायचं नाही. इंजिनचा आवाज तोतरा झाला. आणि मग पडदा काळा, मशीन गप्प, नुसता डोक्यावरचा सिलिंग फॅन ऐकू येत होता.

"अटकालंय," तुम्ही म्हणालात.

शफीभाईंकडे गेलात तर ते म्हणाले, "माल एकदम ओके है साब. घर का करंट खराब होंगा." करंट खराब म्हणून तुम्ही अंगणातल्या अर्थिंगच्या खड्ड्यात मिठाचं पाणी ओतलंत. मेमरीची पट्टी काढून तिचे पितळी दात खोडरबरनं घासलेत. विंडोज पुसून पुन्हा टाकलंत, पुन्हा पुसलंत. गेमची सीडी दादांच्या धुतलेल्या बनियननं पुसलीत, ज्यावरून शनिवारी वेगळंच महाभारत झालं. मशीन मात्र दुसऱ्या वळणाला यायचं आणि मान टाकायचं.

आणि नवं काही विकत आणायची सोय नाही, कारण पक्ष. तेव्हा तुम्ही आईंसमोर जाऊन बसलात आणि अगदी वकिलासारखं विचारलंत, "उसनं आणलं तर चालतंय का?"

आईंनी बराच विचार केला. "उसनं आपलं नसतंय. चालतंय."

मग शफीभाईंकडून एकेक वस्तू उसनी यायला लागली. आज मेमरी, परवा पॉवर सप्लाय, नंतर ग्राफिक्सचं कार्ड. ते पोट धरून हसायचे म्हणे. "तुमारी अम्मी कंप्यूटर का बी पंचांग देखते क्या मियाँ?" येताना तुम्ही वाकडी वाट करून आबिड्सहून उस्मानिया बिस्किटं आणायचात. बिस्किटांना पक्ष लागत नाही, हा निर्णय आपण आईंना न विचारताच घेतला होता.

गेम चालवायचं काम माझ्याकडे कसं आलं, आठवतं? तुम्हाला एकाच वेळी चालवता आणि ऐकता यायचं नाही. "वैनी, तुम्ही चालवा, मी ऐकतो." तुम्ही जमिनीवर बसून खोक्याला कान लावायचात, डोळे मिटायचात. मी पुण्यात सायकलच्या पुढे काही चालवलं नव्हतं आणि इथल्या रस्त्यावर तर तीही नाही. आता दुपारभर मी लाल गाडी समुद्रकाठच्या रस्त्यावरून हाणत होते. आधी आईंची पावलं वाजली की उठून उभी राहायचे. नंतर नंतर आईच दारात उभ्या राहून म्हणायला लागल्या, "डावीकडं घे, डावीकडं. धडकालीस बघ."

आपली पहिली वादावादी त्याच काळातली. माझं म्हणणं, मेमरी, पॉवर सप्लाय, कार्ड, सगळं एकदम बदला आणि बघा. तुम्ही म्हणायचात, नाही, एका वेळी एकच. "सगळं बदललं आन् चालू झालं, तर कशानं झालं ते कळणार हाय का? पुन्हा बिघडलं तर पुन्हा आंधळेच." कारखान्यातली शिस्त होती ती. मला ती कंटाळवाणी वाटायची. पण भावजी, पुढे आमच्या मुलीच्या आजारपणात, माझ्या शाळेतल्या नोकरीत, दादांच्या आणि माझ्या अबोल्यातसुद्धा मी तीच वापरली. एक गोष्ट बदलायची, थांबायचं, बघायचं. याबद्दल तुमचे आभार मानायचे राहून गेले. तसे तुम्ही ते मानूही दिले नसते.

मला हळूहळू एक दिसायला लागलं. जेवून आल्यावर सुरू केलं की मशीन बरं चालायचं. बंद पडल्यावर लगेच पुन्हा लावलं की पहिल्या वळणालाच बसायचं. चूल नुकती विझवलेली असली की तवा कसा लगेच तापतो, तसं. मी म्हटलं, "भावजी, हे तापतंय."

"पंखा फिरालाय की."

"फिरू दे. तरी तापतंय."

तुम्ही झाकण काढून समोर टेबल फॅन लावलात. मशीन दोन वळणं जास्त गेलं. तुम्ही माझ्याकडे असं पाहिलंत जसं काही मी पाटावर बसल्या बसल्या परीक्षा पास झाले. मग तुम्ही ठरवलंत की आतला पंखा लहान पडतोय, घट बसले की मोठा आणायचा. जुना पंखा काढून त्याच्याखाली बघावं, हे तुमच्या मनातही आलं नाही. मेमरीवर संशय घेतलात, करंटवर घेतलात, शफीभाईंवर, सीडीवर, माझ्या गाडी चालवण्यावरसुद्धा. पण तो पंखा तुम्ही स्वतःच्या हातानं बसवलेला होता. त्यावर संशय कसा घेणार?

खरं सांगू? ते दिवस मला फार आवडले. दसरा जवळ येत होता, खोली हातची जायची वेळ आली होती, झेरॉक्सवाला येऊन दाराची रुंदी मोजून गेला होता. तुमचं तोंड उतरलेलं असायचं. आणि मी मात्र सकाळी उठताना खुशीत असायचे, की आज काय बदलायचं? हैदराबादेत मला पहिल्यांदा कुणाला तरी माझी गरज आहे असं वाटत होतं. त्याच काळात कधीतरी मी 'होय'च्या जागी 'हौ' म्हणाले. तुम्ही ऐकलंत, पण चिडवलं नाहीत. तेवढी एकच संधी तुम्ही सोडल्याची माझ्याकडे नोंद आहे.

मोठा पंखा अष्टमीला आला. आई पूजेच्या सामानासाठी बेगम बाजारला गेल्या होत्या. तुम्ही खटके सैल केलेत, जुना पंखा थोडा हलवून उचललात आणि तसेच हातात धरून बसून राहिलात. मी वाकून पाहिलं. प्रोसेसरच्या डोक्यावर सुकलेल्या हळदकुंकवाचा जाड लपका होता आणि एका कोपऱ्यात तांदळाचा दाणा, दाबानं तडकून चपटा झालेला. पंखा त्या दाण्यावर एका बाजूनं अधांतरी बसला होता. वारा जोरात घालत होता, पण मेंदूला टेकतच नव्हता.

मला हसू आवरेना. इतके दिवस आपण साऱ्या सिकंदराबादवर संशय घेत होतो आणि गुन्हेगार देवघरातला निघाला. मी म्हटलं, "आईंना येऊ द्या, दाखवू."

तुम्ही हसला नाहीत. खिशातून पांढरा रुमाल काढलात, तो लपका पुसलात, दाणा उचललात, रुमालाची घडी घालून पुन्हा खिशात ठेवलीत. नव्या पंख्याबरोबर आलेली पांढरी पेस्ट लावलीत, पंखा बसवलात. मग म्हणालात, "वैनी, हे आईला कळायचं नाही."

"का? रागावतील?"

"रागावली तर बरं. रागावणार नाही. आपल्या हातानं पोराचं वाटोळं होणार होतं, हे धरून बसंल. बाबा गेल्यापासून देवाला कुंकू लावणं हे एकच काम तिला आपलं वाटतंय. तेवढं कशाला काढून घ्यायचं?"

मला पटलं नाही. तिथून आपलं भांडण सुरू झालं.

दसऱ्याला आईंनी पुढच्या खोलीत पूजा मांडली. मी नऊवारी नेसून लाल गाडी चालवत होते, असं दृश्य त्या गल्लीनं आधी पाहिलं नव्हतं. आरती झाली, मशीन चालू. नैवेद्याचं पान वाढलं, मशीन चालू. दादा आरतीचं तबक फिरवता फिरवता पडद्याकडे बघत राहिले आणि ते त्यांच्या हातात तसंच राहिलं. आईंनी शांतपणे कनवटीची किल्ली काढून तुमच्या हातात दिली आणि म्हणाल्या, "बघ. माझ्या अक्षता कामाला आल्या."

मी तुमच्याकडे पाहिलं. तुम्ही वाकून त्यांच्या पाया पडत होता, त्यामुळे तोंड दिसलं नाही. मी पुरणाचा घास घेतला होता, त्याचा ठसका लागून डोळ्यांत पाणी आलं. सगळ्यांना वाटलं, मला आनंदानं भरून आलंय. तेही खोटं नव्हतं.

त्यानंतर दर दसऱ्याला आपण तेच भांडलो. मी म्हणायचे, सांगायला हवं होतं. माणसाला आपली चूक कळण्याचा हक्क असतो. आई काही काचेच्या नाहीत. आणि त्यांनी दुसऱ्या मशीनला तेच केलं म्हणजे? तुम्ही म्हणायचात, ते माझं मी बघतो. आणि बघितलंत. पुढचं प्रत्येक मशीन तुम्ही आधी झाकण लावून, स्क्रू पिळून बंद करायचात आणि मगच पूजेला हाक मारायचात. पोरं लाइन लावून आली, त्यांच्या चपलांनी पायरी भरून जायची, आई त्यांना बळेबळे चिवडा द्यायच्या. मग सगळ्यांच्या हातात मोबाइल आले, पार्लर ओसरलं, तुम्ही त्याच खोलीत दुरुस्तीची कामं घ्यायला लागलात. तुम्ही कधी कुरकुर केली नाहीत. सकाळी उठून जायला खोली होती, तेवढं तुम्हाला पुरत होतं. पण आपलं भांडण चालूच राहिलं. मी म्हणायचे, तुम्ही आईंना लहान मूल समजता. तुम्ही म्हणायचात, "वैनी, तुम्ही पुण्याच्या. तुमच्यात खरं बोलायची घाई असती." यावर मी चिडायचे आणि तुम्ही बिस्किटांचा डबा पुढे करायचात.

तुम्ही गेल्यापासून घर नीट चालत नाही, भावजी. सगळं आहे तिथंच आहे. दूध वेळेवर येतं, दादा फिरायला जातात, मी स्वयंपाक करते. तरी दिवस मधेच अडखळतो, मधला तुकडा कुठं जातो कळत नाही. तुमच्या पद्धतीनं विचार करून पाहिला. एकच गोष्ट बदललीय. म्हणजे कारण शोधत बसायला नको.

तर आता बातमी.

काल खंडेनवमी होती. या वर्षी सण करायचा नाही असं ठरलं होतं. पण आई म्हणाल्या, सण नको, हत्यारांची पूजा मात्र चुकवायची नाही. नव्वदीला आल्यात, काठी घेऊन चालतात, तुमच्या फोटोकडे फारसं बघत नाहीत. मला म्हणाल्या, "मुकुंदाचं पहिलं यंत्र माळ्यावर हाय ना? काढ." दादांनी शिडी लावली, मी ते खोकं खाली घेतलं. फडक्यानं पुसलं, पाटावर आडवं ठेवलं. आत धूळ असेल म्हणून बाजूचं झाकण काढून ब्रश फिरवत होते. आई ताम्हण घेऊन आल्या आणि चार हात लांबच थांबल्या.

"झाकण लाव आधी," त्या म्हणाल्या.

मी म्हटलं, "आलेच, धूळ झटकते."

"झटक. पण झाकण लाव, मग मी येते. उगं आत दाणा जाईल."

माझा हात थांबला. मी वळून बघितलं तर त्या माझ्याकडे अगदी सरळ बघत होत्या.

"आई, तुम्हाला माहीत होतं?"

"त्याचा रुमाल कोण धूत होतं? नवमीच्या सकाळी भिजवला तर बादलीभर पाणी लाल. घडीत तडकलेली अक्षता. आदल्या दिवसापर्यंत बंद पडणारं यंत्र त्या दिवशी चालू झालेलं. मला काय तेवढं कळंना का?"

"मग बोलला का नाहीत? इतकी वर्षं?"

त्या खुर्चीवर बसल्या. काठी मांडीवर आडवी ठेवली. "तो सांगंना, मग मी कशाला विचारू? आईला कळलं नाही, असं वाटून त्याला बरं वाटत होतं. वाटू दे म्हटलं."

मला आठवलं, पुढच्या कुठल्याही मशीनच्या पूजेला त्या तुमची हाक आल्याशिवाय खोलीत आल्या नाहीत. तुमची हुशारी म्हणून मी ज्याचं कौतुक करत होते, त्यात निम्मी हुशारी त्यांची होती. आणि दसऱ्याला, माझ्या अक्षता कामाला आल्या, असं म्हणताना त्या तुमची चक्क थट्टा करत होत्या. तुम्ही पाया पडत होता म्हणून त्यांचंही तोंड तुम्हाला दिसलं नाही.

"बरं झालं पण, दसऱ्याला मशीन चाललं ते," मी म्हटलं. "नाहीतर खोली गेली असती."

आई जराशा हसल्या. तुम्ही गेल्यानंतर पहिल्यांदाच. मग डोळ्यांना पदर लावला आणि तो तसाच धरून बोलल्या.

"खोली तर मी तो रुमाल धुतानाच त्याला दिली होती. आईची चूक जे लेकरू खिशात घालून गप राहतंय, त्याला एक खोली द्यायला यंत्र कशाला चालाया पाहिजे?"

मी झाकण लावलं, भावजी. स्क्रू पिळून घट्ट केले, तुम्ही करायचात तसे, एकेक करून. मग हाक मारली. त्या उठून आल्या, झाकणाला हळदकुंकू लावलं, वर अक्षता वाहिल्या आणि त्या खोक्यावरून, तुमच्या पाठीवरून फिरवावा तसा, हात फिरवला.

सांगायला हवं होतं की नको, यावर आपण वीस वर्षं भांडलो. सांगण्यासारखं काही उरलंच नव्हतं.